संगणकात विजेच्या दहा पातळ्या का वापरत नाहीत?

पदविकेच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: 'संगणकाला फक्त ० आणि १ कळतात, कारण वीज एकतर चालू असते किंवा बंद, असे पाठ्यपुस्तकात लिहिले आहे. पण पंख्याच्या रेग्युलेटरला पाच पायऱ्या असतात, म्हणजे वीज कमी-जास्तही करता येते. मग दहा पातळ्या ठरवून ० ते ९ हे अंक थेट का ठेवले नाहीत? आणि संगणक पहिल्यापासूनच दोन अंकांवर चालत होते का?'

तुमची शंका रास्त आहे आणि पाठ्यपुस्तकातले कारण अपुरे आहे. तारेवरचे व्होल्टेज शून्यापासून पाचापर्यंत कोणतीही किंमत घेऊ शकते. ज्या ट्रान्झिस्टरपासून आजचे सगळे संगणक बनतात, तोच ट्रान्झिस्टर ध्वनिवर्धकात आवाजाचा प्रत्येक बारीक चढउतार जसाच्या तसा मोठा करून देतो. त्यामुळे दोन अवस्था ही विजेची प्रकृती नव्हे. ती अभियंत्यांनी विचारपूर्वक घातलेली आणि फार काटेकोरपणे राखलेली मर्यादा आहे. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर 'नाही' असे आहे. अमेरिकेतला सर्वांत गाजलेला सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक दहा अंकांवरच चालत होता. मात्र या विषयात दोन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात आणि ते वेगळे केल्याशिवाय इतिहासही नीट उलगडत नाही. यंत्रातला एक सुटा घटक किती अवस्थांमध्ये स्थिर राहू शकतो, हा पहिला प्रश्न. आणि त्या घटकांच्या साहाय्याने संख्या कोणत्या पद्धतीत लिहायची, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकापेक्षा कामावर अधिक स्पष्ट समजले. कारखान्यांतील नियंत्रण यंत्रणांच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली. एका ठिकाणी भट्टीचे तापमान ० ते १० व्होल्टच्या संकेतावरून मोजले जाई. ० व्होल्ट म्हणजे शून्य अंश आणि १० व्होल्ट म्हणजे ४०० अंश. ही तार मोठ्या मोटरच्या केबलशेजारून सुमारे चाळीस मीटर गेलेली होती. मोटर सुरू झाली की तारेवर अर्ध्या व्होल्टची गडबड येई आणि पडद्यावरचे तापमान भट्टीत काहीही बदल न होता वीस अंशांनी हलत असे. त्याच केबल ट्रेमधून दरवाजाच्या लिमिट स्विचची तारही गेलेली होती. तिच्यावर २४ व्होल्ट असले की दरवाजा बंद आणि शून्य असले की उघडा, एवढाच अर्थ होता. तिच्यावरही तितकीच गडबड येत असणार, पण तो संकेत एकदाही चुकला नाही. अशा नियंत्रकाच्या इनपुटला १५ व्होल्टच्या वर 'चालू' आणि ५ व्होल्टच्या खाली 'बंद' असे वाचायला शिकवलेले असते. त्यामुळे २४ चे साडेतेवीस झाले काय किंवा शून्याचे अर्धा झाले काय, अर्थ बदलत नाही. दोन्ही तारांवर आलेला त्रास सारखाच होता. एकीवर प्रत्येक व्होल्टला अर्थ दिलेला होता, म्हणून गडबडीलाही अर्थ मिळाला. दुसरीवर मधल्या सगळ्या किमती मुद्दाम निरर्थक ठरवल्या होत्या, म्हणून गडबड तिथेच विरून गेली.

संगणकाच्या आतही हेच घडते, फक्त अंतरे मीटरऐवजी मिलिमीटरच्या सूक्ष्म भागांत असतात. ५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या टीटीएल घराण्यातल्या चिपांचे नियम मी विद्यार्थ्यांना नेहमी पाठ करायला सांगतो, कारण त्यांत सगळे मर्म आहे. गेटने, म्हणजे ० आणि १ वर साधी तार्किक क्रिया करणाऱ्या छोट्या मंडलाने, ० पाठवायचा असेल तर आउटपुट ०.४ व्होल्टच्या वर जाता कामा नये आणि १ पाठवायचा असेल तर २.४ व्होल्टच्या खाली येता कामा नये. घेणाऱ्या गेटला मात्र सवलत आहे: ०.८ पर्यंत काहीही आले तरी त्याने ० समजायचा आणि २.० च्या वर काहीही आले तरी १. देणाऱ्यावर कडक नियम आणि घेणाऱ्याला मोकळीक, या दोहोंतला ०.४ व्होल्टचा फरक म्हणजे नॉइज मार्जिन. वाटेत तेवढी गडबड झाली तरी माहिती शाबूत राहते. पुढचे गेट तो किंचित मळलेला संकेत घेते आणि आपल्या आउटपुटवर पुन्हा स्वच्छ ० किंवा १ उभा करते. म्हणजे संकेत प्रत्येक टप्प्यावर धुऊन निघतो. आजच्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात, तरी शेवटच्या आकड्यापर्यंत उत्तर बरोबर येते, त्यामागे मुख्यतः हे धुऊन निघणे आहे.

आता तुमच्या दहा पातळ्या घेऊ. ५ व्होल्टमध्ये दहा अंक बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा व्होल्ट येतो, म्हणजे पातळीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम पाव व्होल्ट. त्यातही देणाऱ्याची चूक, वाटेतली गडबड, तापमानाने बदलणारे ट्रान्झिस्टरचे गुणधर्म आणि पुरवठ्यातला चढउतार हे सगळे सामावायचे आहे. शिवाय संकेत धुऊन काढायचा तर दहापैकी जवळची पातळी कोणती हे ओळखणारे नऊ उंबरठे प्रत्येक गेटमध्ये बांधावे लागतील. दोन पातळ्यांना एकच उंबरठा पुरतो. पंख्याच्या रेग्युलेटरची तुलना इथेच तुटते. पंखा तिसऱ्या पायरीवर असताना किंचित हळू फिरला तरी वारा लागतोच. पण सातच्या जागी आठ वाचला गेला आणि तो पुढच्या लाखो बेरजांत मिसळला, तर हाती काहीच उरत नाही.

आणखी एक कारण उष्णतेचे आहे. ते पुस्तकांत क्वचित सांगितले जाते, पण माझ्या मते ते पहिल्या कारणाइतकेच वजनदार आहे. ट्रान्झिस्टरमध्ये खर्च होणारी शक्ती म्हणजे त्याच्यावरचे व्होल्टेज गुणिले त्यातून वाहणारा प्रवाह. तो पूर्ण बंद असताना प्रवाह जवळजवळ शून्य असतो आणि पूर्ण उघडा असताना त्याच्यावरचे व्होल्टेज जवळजवळ शून्य असते, म्हणून दोन्ही टोकांना गुणाकार लहान येतो. मध्ये थांबवलेल्या ट्रान्झिस्टरवर मात्र व्होल्टेजही असते आणि प्रवाहही, त्यामुळे तो तापत राहतो. दहा पातळ्यांतल्या मधल्या आठ पातळ्या नेमक्या याच प्रदेशात पडतात. १९६३ मध्ये फ्रँक वॉनलास यांनी मांडलेली सीमॉस रचना जगभर स्वीकारली गेली ती याच बळावर. तिच्यात एकमेकांच्या विरुद्ध वागणारे दोन ट्रान्झिस्टर जोडलेले असतात, स्थिर अवस्थेत त्यांतला एक नेहमी बंद असतो आणि वीज मुख्यत्वे अवस्था बदलतानाच लागते.

इथवर पहिला प्रश्न झाला. दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे संख्या कशी लिहायची याचा, इतिहास वेगळ्या वाटेने गेला आहे.

चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात ॲनालिटिकल इंजिनची योजना आखली, तेव्हा त्यांच्यापुढे दाते असलेली पितळी चाके होती. चाकाला दहा स्थाने देणे आणि ते दोन स्थानांमध्ये अडकू नये म्हणून यांत्रिक खटके बसवणे हे त्या काळच्या कारागिरीला जमणारे काम होते. तिथे घटकच दहा अवस्थांचा होता, म्हणून संख्याही दशमान होत्या. यात अडाणीपणा काही नव्हता. चाकासाठी तोच योग्य निर्णय होता.

एनिअॅकची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेले हे यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये लोकांसमोर आले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या, म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधी त्याचे काम करणाऱ्या काचेच्या नळ्या, होत्या. नळी जुनी होत जाते तसे तिचे गुणधर्म सरकतात, म्हणून तिला 'पूर्ण चालू' किंवा 'पूर्ण बंद' अशाच अवस्थांत राबवण्याचा शहाणपणा त्याच्या रचनाकारांनी दाखवला होता. दोन नळ्यांच्या जोडीतून तयार होणारे, दोनच अवस्था असलेले फ्लिप-फ्लॉप हा त्यांचा मूळ घटक होता. पण संख्या मात्र त्यांनी दशमानच ठेवल्या. एक अंक साठवण्यासाठी दहा फ्लिप-फ्लॉप एका वर्तुळात मांडले आणि त्यांतला जो चालू असेल तो अंक, असा संकेत ठरवला; म्हणजे बॅबेजचे चाकच नळ्यांमध्ये उतरवले. हिशेब करून पाहा. दहा अंकी संख्येसाठी त्यांना १०० फ्लिप-फ्लॉप लागत. तीच संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर ३४ पुरतात, कारण २ चा ३४ वा घात १७,१७,९८,६९,१८४ होतो आणि त्यात दहा अंकी सर्व संख्या मावतात. जिथे प्रत्येक नळी कधी ना कधी जळणार होती, तिथे जवळजवळ तिप्पट घटक वापरले गेले.

हे यंत्र बांधून होण्याआधीच ही उधळपट्टी लक्षात आली होती. जॉन फॉन न्यूमन यांच्या नावाने ३० जून १९४५ रोजी एडव्हॅक या पुढच्या यंत्राचा जो मसुदा निघाला, त्यात आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवण्याची कल्पना आहे, आणि म्हणूनच तो प्रसिद्ध आहे. पण त्याच मसुद्यात, ज्या अर्थी नळी दोन अवस्थांचे साधन म्हणून वापरायची आहे त्या अर्थी संख्याही द्विमानच असाव्यात, हा युक्तिवादही आहे. त्यासोबत अंकगणितही सोपे होते. दशमान गुणाकारासाठी यंत्राला शंभर उत्तरांचा पाढा लागतो. द्विमान पाढ्यात चारच नोंदी आहेत आणि त्यांतल्या तीन शून्य आहेत. एक गुणिले एक बरोबर एक, एवढे समजले की यंत्राचा पाढा संपला.

मात्र श्रेय एकट्या अमेरिकेतल्या नळ्यांना देणे अन्यायाचे होईल. बर्लिनमध्ये कोनराड त्सुझे यांनी १९४१ साली रिलेवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या यांत्रिक स्विचवर, चालणारा झेड-३ पूर्ण केला, तो द्विमानच होता; त्याची स्मृती ६४ संख्यांची आणि प्रत्येक संख्या २२ बिटांची, म्हणजे ० किंवा १ अशा २२ अंकांची, होती. १९३७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिले जोडून द्विमान बेरीज करणारे छोटे यंत्र केले. त्याच वर्षी एमआयटीत क्लॉड शॅनन यांनी पदव्युत्तर प्रबंधात दाखवले की, जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये तर्कशास्त्रासाठी मांडलेले बीजगणित रिलेच्या जोडण्यांना नेमके लागू पडते. शॅनन यांचा हा प्रबंध मी सर्वांत मोलाचा मानतो. त्याआधी स्विचची मंडले कारागीर अंदाजाने आणि अनुभवाने जुळवत. त्यानंतर ती समीकरण म्हणून लिहिता, सोडवता आणि लहान करता येऊ लागली. दोन अवस्थांच्या घटकाला दोन किमतींचे तर्कशास्त्र मिळाले. दहा पातळ्यांच्या घटकामागे उभे राहील असे तयार शास्त्र तेव्हा कोणाच्याही हाती नव्हते.

आपल्याकडची पायरीही याच वाटेवर आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रचलेला आणि बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागला. त्याचा शब्द, म्हणजे एका वेळी हाताळायचा माहितीचा तुकडा, ४० बिटांचा आणि स्मृती अशा २,०४८ शब्दांची होती. ती स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती आणि एका कडीत एक बिट बसे, म्हणजे जवळजवळ ८२,००० कड्या. कडीचे चुंबकत्व उजवीकडे फिरलेले किंवा डावीकडे. एकदा फिरले की वीज गेली तरी ते तसेच टिकून राहते आणि अर्धवट धक्क्याने उलटत नाही. दोन अवस्थांत स्वतःहून स्थिरावणाऱ्या पदार्थाचे याहून नेटके उदाहरण मला माहीत नाही.

द्विमानाला आव्हान मिळालेच नाही असे नाही. मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव्ह यांच्या चमूने १९५८ मध्ये सेतून नावाचा त्रिमान संगणक केला. त्याचे अंक उणे एक, शून्य आणि एक असे होते. त्यामागे गणिती आधार होता. घटकांचा खर्च अवस्थांची संख्या गुणिले अंकांची संख्या असा धरला, तर दहा लाखांपर्यंतच्या संख्यांसाठी दशमानाचा खर्च ६ गुणिले १० म्हणजे ६० येतो, द्विमानाचा २० गुणिले २ म्हणजे ४० आणि त्रिमानाचा १३ गुणिले ३ म्हणजे ३९. त्रिमान कागदावर किंचित सरस आहे, पण तीन अवस्थांत तितक्याच भरवशाने उभा राहणारा स्वस्त घटक त्याला मिळाला नाही. अडीच टक्क्यांच्या बचतीसाठी दोन अवस्थांचा भरवसा सोडण्यात अर्थ नव्हता. व्यापारी जगात दशमान मात्र बराच काळ टिकले. आयबीएमची ६५० आणि १४०१ ही लोकप्रिय यंत्रे दशमान होती, कारण त्यांचे ग्राहक हिशेब ठेवणारे होते. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम-३६० ने मूळ पद्धत द्विमान ठेवली, आठ बिटांचा बाइट रुळवला आणि हिशेबासाठी दशमान आज्ञाही सोबत दिल्या.

या संदर्भात छंदःशास्त्राचे प्राचीन रचनाकार पिंगलाचार्य यांचा उल्लेख हमखास होतो, म्हणून तेही सांगतो. शाळेत यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा हे आठ गण आपण पाठ केले. तीन अक्षरे, प्रत्येक लघु किंवा गुरू, म्हणून २ चा ३ रा घात म्हणजे बरोबर आठ. तीन बिटांची सर्व रूपे तीच. छंदःशास्त्रात अशी रूपे क्रमाने मांडण्याची रीत प्राचीन काळीच दिलेली आहे आणि ती खरोखर अभिमानास्पद गणिती कामगिरी आहे. पण आजची यंत्रे तिच्यातून निघालेली नाहीत आणि तसे सांगितल्याने पिंगलांचा मान वाढत नाही.

द्विमानाची किंमतही मोजावी लागते, ती लपवू नये. १ भागिले ३ दशमानात जसे ०.३३३ असे न संपणारे होते, तसेच १ भागिले १० द्विमानात कधीच संपत नाही. म्हणून बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत ०.१ आणि ०.२ ची बेरीज मागितली की ०.३०००००००००००००००४ असे उत्तर दिसते. गंमत अशी की, आपल्या जुन्या नाण्यांना ही अडचण आली नसती. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे त्याच जगातले. पाव द्विमानात ०.०१, अर्धा ०.१, पाऊण ०.११, दीड १.१ आणि एक आणा ०.०००१ असा नेमका लिहिता येतो. नवा पैसा, म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग, मात्र नेमका लिहिता येत नाही, म्हणून पैशांचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहाल तेव्हा रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवा. ही चूक केवळ दशांश स्थळापुरती राहत नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरान इथे पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राचा माग ठेवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशात मोजत होती आणि २४ बिटांत कापलेल्या ०.१ ची सूक्ष्म चूक सलग शंभर तासांत साचून सुमारे एक तृतीयांश सेकंदाची झाली होती.

आणि तुमची कल्पना कुठेच वापरली जात नाही असेही समजू नका. आजच्या एसएसडीमध्ये, म्हणजे माहिती कायम साठवणाऱ्या चिपांच्या साधनात, एका पेशीत विद्युतभाराच्या आठ पातळ्या ठेवून तीन बिट, तर काहींत सोळा पातळ्या ठेवून चार बिट साठवतात. १९७० च्या दशकातल्या अभियंत्याला हे धाडस वाटले असते. पण त्या पातळ्या वाचताना चुका होणार हे गृहीत धरून प्रत्येक वाचनावर चूक-दुरुस्तीचे गणित चालवावे लागते, वाचायला वेळ अधिक लागतो आणि पेशी लवकर झिजतात. साठवण आणि दळणवळणात हा सौदा परवडतो. मात्र ती माहिती हिशेबासाठी प्रोसेसरमध्ये आली की लगेच दोन पातळ्यांवर उतरवली जाते.

हे सगळे स्वतः पडताळून पाहायचे असेल तर सीडी-४०६९ ही, ० चा १ आणि १ चा ० करणारे सहा इन्व्हर्टर असलेली चिप आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत ती थोड्या रुपयांत मिळते. १४ क्रमांकाच्या पिनला ५ व्होल्ट आणि ७ ला ग्राउंड द्या. ३, ५, ९, ११ आणि १३ या न वापरलेल्या इनपुट पिना ग्राउंडला जोडा, त्या मोकळ्या ठेवू नका. दहा किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरमधून (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या रोधातून) १ क्रमांकाच्या पिनला शून्यापासून पाचापर्यंत पाव-पाव व्होल्टने वाढवत व्होल्टेज द्या आणि २ क्रमांकाच्या पिनवरचे आउटपुट मोजा. चिपच्या पुरवठ्यात दुसरा मीटर मिलिॲम्पिअरवर लावून ठेवा; पोटेन्शिओमीटरची जोडणी मात्र त्या मीटरच्या आधीच घ्या, म्हणजे त्याचा प्रवाह मोजणीत येणार नाही. तिन्ही आकडे वहीत तीन रकान्यांत लिहा आणि आलेख काढा. दोन्ही टोकांना इनपुट हलवूनही आउटपुट हलत नाही आणि पुरवठ्याचा प्रवाह जवळजवळ शून्य राहतो, तर मधल्या भागात आउटपुट घसरत असताना प्रवाहाचा उंचवटा उभा राहतो, हे तुम्हाला दिसेल. तुमच्या मधल्या आठ पातळ्या त्या उंचवट्यावर कुठे कुठे पडतात, ते त्याच आलेखावर पेन्सिलीने खुणा करून पाहा.